खडक खचतो तेव्हा लहर किती रेंगाळते: प्रयोगशाळेतलं मोजमाप, टप्प्याटप्प्यानं

खडकाचा नमुना दाबयंत्रात घालून फोडला की त्याचं दाबबल कळतं, पण आकडा हाती येतो तेव्हा नमुन्याचा भुगा झालेला असतो. आत पहिली भेग कधी फुटली, ती कुठल्या दिशेला वाढली, खडक कधी सैल पडायला लागला, यातलं काहीच त्या एका आकड्यातून समजत नाही. भूकंपलहरींचं काम इथे सुरू होतं. नमुना शाबूत असताना त्यातून अल्ट्रासोनिक, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारितेची लहर पाठवायची, ती पलीकडे पोहोचायला किती वेळ लागला ते बघायचं, मग भार थोडा वाढवायचा आणि पुन्हा बघायचं.

भूशास्त्र, भूभौतिकी किंवा सिव्हिलच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला साध्या प्रयोगशाळेत हे कसं जमेल, ते इथे सांगतो. सुरुवातीलाच एक इशारा. या कामात ‘वेग कमी झाला’ असं दिसतं तेव्हा निम्म्या वेळा खडकाचा काही दोष नसतो. सेन्सर नीट चिकटलेला नसतो, नमुना नीट वाळलेला नसतो किंवा लहरीची सुरुवात चुकीच्या जागी धरलेली असते. त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर खडकापेक्षा टेबलावरच्या गोष्टींबद्दल आहे.

लहर मंदावते म्हणजे काय होतं

पी-लहर दाबत-ताणत पुढे सरकते, एस-लहर आडवी हलवत. दोघींचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: खडक किती कडक आहे आणि किती जड आहे. कडकपणाला घनतेनं भागून वर्गमूळ काढलं की वेग मिळतो. एस-लहरीसाठी फक्त कर्तन-कडकपणा, म्हणजे आडवं सरकवण्याला होणारा विरोध, लागतो. पी-लहरीसाठी त्यात दाबाविरुद्धचा कडकपणाही येतो. सूत्रात ‘ताकद’ कुठेच नाही, हे लक्षात ठेवा. वेगावरून कडकपणा कळतो. ताकदीचा अंदाज त्यावरून बांधता येतो, पण तो अंदाजच असतो.

भेगा पडल्या की घनता जवळजवळ तेवढीच राहते आणि कडकपणा मात्र झपाट्यानं घसरतो. त्यात गोल पोकळ्या आणि चपट्या भेगा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सच्छिद्र बेसाल्टमधल्या गोलसर पोकळ्यांनी आकारमानाचे चार-पाच टक्के व्यापले तरी त्यांच्या भिंती भार पेलत असतात, त्यामुळे वेग बेतानंच कमी होतो. केसापेक्षा बारीक, चपट्या भेगा आकारमानाच्या अर्धा टक्कासुद्धा नसतात, तरी त्या वेगाला मोठा दणका देतात. सैल बांधलेला रद्दीचा गठ्ठा वरून दाबला तर सहज दबतो, आणि कडेनं, कागदांच्या दिशेत दाबला तर ताठ लागतो. समांतर भेगा पडलेला खडक लहरीला अगदी तसाच भासतो. भेगांना छेदून जाणारी पी-लहर मंदावते आणि भेगांना समांतर जाणारीला फारसा फरक पडत नाही. पुढे भाराखालचं मोजमाप करताना हाच मुद्दा कळीचा ठरतो.

भेग किती दाबाला मिटेल याचा कच्चा हिशेब सोपा आहे: भेगेची जाडी आणि लांबी यांचं गुणोत्तर गुणिले खडकाचा यंग मापांक (दाबाला-ताणाला कडकपणाचं माप). गुणोत्तर हजारास एक आणि मापांक ७० गिगापास्कल धरला तर सुमारे ७० मेगापास्कल येतात. हार्वर्डच्या फ्रान्सिस बर्च यांनी १९६०च्या सुमारास १० किलोबारपर्यंत, म्हणजे १,००० मेगापास्कलपर्यंत दाब देऊन असंख्य खडकांमधले पी-लहरींचे वेग मोजले. पहिल्या एक-दोन किलोबारमध्ये वेग झपकन वाढतो आणि मग आलेख जवळजवळ सपाट होतो. पहिल्या चढात भेगा मिटत असतात. सपाट भाग खनिजांचा असतो.

नमुना

एकाच ठोकळ्यातून किंवा बोअरच्या एकाच सलग तुकड्यातून सगळे नमुने घ्या. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर हे फारच जपावं लागतं. एकाच लाव्हाप्रवाहाचा माथा पोकळ्यांनी भरलेला असतो, मधला भाग घट्ट असतो, आणि पोकळ्यांमध्ये झिओलाइट, कॅल्साइट किंवा सिलिका अशी खनिजं बसलेली असतात. चार-पाच मीटर वर-खाली झालं तरी वेगात जो फरक पडतो, तो तुम्ही पुढे भार देऊन पाडणार त्यापेक्षा मोठा असू शकतो.

काप पाण्यानं थंड होणाऱ्या हिऱ्याच्या करवतीनंच काढा. कोरडी करवत पृष्ठभागाजवळ नव्या भेगा पाडते. सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचा गाभा (बोअरमधून निघालेला दंडगोल तुकडा) असेल तर लांबी व्यासाच्या दोन ते अडीच पट ठेवा. ठोकळा हाताशी असेल आणि खरा रस वेगात असेल, तर गोल गाभ्यापेक्षा ५० बाय ५० बाय ११० मिलिमीटरची चौकोनी लादी मी सुचवेन. तिच्या चारही बाजू सपाट असल्यामुळे आडव्या दिशेनं सेन्सर लावणं सोपं जातं.

दोन्ही टोकं घासून अशी करा की सपाटपणात ०.०२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहणार नाही. सपाट काचेवर टोक टेकवून मागून उजेड धरा. फट दिसली की पुन्हा घासा. लांबी व्हर्नियरनं चार-पाच ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. कापण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर वरच्या दिशेचा बाण आणि एक उभी रेघ न पुसणाऱ्या शाईनं काढा, नाहीतर तीन तुकडे झाल्यावर कोणता कुठल्या बाजूनं होता यावर वाद घालत बसावं लागतं. उरलेल्या तुकड्याची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठेवा. नंतर भेगा मोजताना ‘आधीच्या’ आणि ‘नंतरच्या’ वेगळ्या करायला तीच कामी येते.

वाळवणं

नेहमीची रीत १०५ अंश सेल्सिअसला २४ तास, आणि वजन स्थिर होईपर्यंत. ग्रॅनाइट आणि घट्ट बेसाल्टला ती चालते. झिओलाइट भरलेल्या बेसाल्टला मात्र मी ती लावणार नाही. झिओलाइटच्या जाळीतलं पाणी तापवलं की हळूहळू बाहेर पडतं, आणि मग तुम्ही खडक वाळवत नसून त्यातलं खनिजच बदलत असता. मातकट खनिजं असलेल्या हिरव्या-तांबड्या थरांचंही तेच. अशा नमुन्यांना ५०-६० अंशांची भट्टी आणि जास्त दिवस द्या.

भट्टीतून काढलेला नमुना सिलिका जेलच्या बंद भांड्यात गार करा. पावसाळ्यात, त्यातही कोकणात किंवा मुंबईत, टेबलावर उघडा ठेवलेला नमुना काही तासांत हवेतली ओल ओढून घेतो. कणांच्या सांध्यात शिरलेलं एवढंसं पाणीही खडकाचा सांगाडा मऊ करतं आणि वेग किंचित उतरतो. सकाळी मोजलेला आणि संध्याकाळी मोजलेला आकडा जुळत नसेल तर आधी खोलीतलं आर्द्रतामापक बघा.

सेन्सर, वारंवारिता आणि मध

बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत काँक्रीटसाठीचं यूपीव्ही यंत्र (अल्ट्रासोनिक लहरीचा वेग मोजणारं) असतं आणि त्याचे सेन्सर ५४ किलोहर्ट्झचे असतात. ते खडकाच्या छोट्या नमुन्यावर लावू नका. ५ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाला ५४ किलोहर्ट्झची तरंगलांबी ९ सेंटिमीटरच्या पुढे जाते. म्हणजे अख्ख्या नमुन्यात जेमतेम एक लाट बसते, आणि तुम्ही मोजता तो वेग खडकाचा कमी आणि नमुन्याच्या आकाराचा जास्त असतो. १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर होते, ५०० किलोहर्ट्झला १०. तरंगलांबी खनिजकणांपेक्षा निदान तिपटीनं मोठी आणि नमुन्यापेक्षा बरीच लहान हवी. बारीक कणांच्या बेसाल्टला १ मेगाहर्ट्झ छान चालतो. मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटला किंवा टपोऱ्या पोकळ्यांच्या बेसाल्टला ५०० किंवा २५० किलोहर्ट्झवर यावं लागतं, नाहीतर लहर कणाकणावर आपटून विखुरते.

सेन्सर आणि खडक यांच्यात हवेचा पापुद्रा राहिला तर काहीच पलीकडे जात नाही. पी-लहरीसाठी पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन पुरतं. एस-लहर पातळ द्रवातून जात नाही, म्हणून तिच्यासाठी अतिशय घट्ट काहीतरी लागतं. यासाठी खास कप्लंट (सेन्सर आणि खडक जोडणारे लेप) विकत मिळतात, पण अनेक प्रयोगशाळांत साधा मध वापरतात आणि तो उत्तम काम करतो. मधाचा थर पातळ हवा. सेन्सर दाबून, किंचित फिरवून जास्तीचा मध बाहेर काढायचा आणि पाचएक मिनिटं थांबायचं. थर बसत असतो तोवर पडद्यावरची लाट मोठी होत जाते. ती स्थिर झाल्यावरच नोंद घ्यायची. सच्छिद्र नमुन्यात मध आत झिरपतो, म्हणून तिथे आधी पातळ ॲल्युमिनियम फॉइल लावा.

हातानं सेन्सर दाबून धरणं हा या क्षेत्रातला सगळ्यात मोठा आळस आहे. प्रत्येक वेळी हाताचा जोर वेगळा पडतो आणि लहरीची उंची त्यानुसार बदलते. स्प्रिंगचा साधा शिकंजा करून घ्या, म्हणजे दर वेळी तोच दाब पडेल.

शून्यवेळ

यंत्र ठोका पाठवतं त्या क्षणापासून घड्याळ चालू होतं, पण लहर खडकात शिरायला थोडा वेळ जातो: केबल, सेन्सरच्या आतली चकती, मधाचा थर. ही वेळ वजा केली नाही तर प्रत्येक वेग कमी येतो, आणि नमुना जितका आखूड तितकी चूक मोठी.

दोन्ही सेन्सर समोरासमोर चिकटवून शून्यवेळ काढता येते. त्यापेक्षा भरवशाची रीत म्हणजे एकाच ॲल्युमिनियमच्या सळईतून कापलेले ३०, ६० आणि ९० मिलिमीटरचे तीन ठोकळे. प्रत्येकातून वेळ मोजा, लांबीविरुद्ध वेळेचा आलेख काढा आणि सरळ रेषा बसवा. रेषा वेळेच्या अक्षाला जिथे छेदते ती शून्यवेळ. रेषेच्या उतारावरून ॲल्युमिनियममधला वेग निघतो. पी-लहरीसाठी तो सुमारे ६.३ ते ६.४ किलोमीटर प्रतिसेकंद यायला हवा. आला नाही तर खडकाकडे वळायचं नाही, आधी मांडणी तपासायची. पी आणि एस यांची शून्यवेळ वेगवेगळी असते, दोन्ही स्वतंत्र काढा.

पहिली हालचाल कुठे धरायची

लाट पडद्यावर दिसते तेव्हा तिची सुरुवात सुईच्या टोकासारखी नसते. रेषा सपाट चालत असते, मग हलकेच वाकते, मग पहिलं शिखर येतं. वेळ धरायची ती वाकण्याच्या जागी.

यूपीव्ही यंत्रं हे काम स्वतः करतात, तेही एका ठरावीक उंचीचा उंबरठा ठेवून: लाट त्या उंचीला पोहोचली की घड्याळ बंद. नमुना चांगला असतो तोवर ठीक चालतं. भेगा वाढल्या की लहर बारकी होते, त्याच उंबरठ्याला पोहोचायला तिला जास्त वेळ लागतो, आणि यंत्र पहिली हालचाल सोडून त्यानंतरची पकडतं. आकडा सांगतो की वेग दहा टक्क्यांनी पडला. खरं तर पडलेला असतो तीन टक्क्यांनीच. उरलेला भाग लहरीच्या उंचीचा खेळ असतो. म्हणून आकडा दाखवणाऱ्या खिडकीवर विसंबू नका. ऑसिलोस्कोपवर (लाटेचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पूर्ण लाट नोंदवा, निदान ५० मेगाहर्ट्झ दरानं, म्हणजे दर ०.०२ मायक्रोसेकंदाला एक बिंदू. शंभरेक ठोक्यांची सरासरी घेतली की खरखर दबते. मग संगणकावर लाट मोठी करून सुरुवात डोळ्यांनी धरा. नोंदी शेकड्यांनी असतील तर लाटेच्या आधीची खरखर आणि नंतरचा संकेत यांच्यातली सीमा शोधणारी संगणकीय पद्धत वापरा, पण दर दहा-वीस नोंदींमागे एक स्वतः तपासा.

एस-लहरीची सुरुवात पकडणं आणखी कटकटीचं, कारण ती येईपर्यंत पी-लहरीची शेपटी चालूच असते. एक युक्ती इथे फार कामाला येते. एक एस-सेन्सर १८० अंशांनी फिरवा. खरी एस-लहर उलटी होते आणि पी-लहरीचे अवशेष जसेच्या तसे राहतात. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या की त्या जिथून फुटतात तिथे एस-लहर सुरू झालेली असते. मग एक सेन्सर ९० अंशांवर ठेवून बघा. समदिश खडकात, म्हणजे सगळ्या दिशांना सारखे गुणधर्म असलेल्या खडकात, एस-लहर जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. झाली नाही तर खडकातच दिशाभेद आहे, आणि तुमचं काम आणखी मनोरंजक झालंय.

पायाभूत मोजमाप

एक उदाहरण, आकडे समजावण्यासाठी घेतलेले. नमुन्याची लांबी १०८.० मिलिमीटर. पी-लहरीची एकूण वेळ २२.४ मायक्रोसेकंद, शून्यवेळ १.२. उरले २१.२. भागिले की ५.०९ किलोमीटर प्रतिसेकंद. शून्यवेळ विसरलात तर ४.८२ येतात, म्हणजे काहीही न करता पाच टक्के ‘दुबळेपणा’. एस-लहरीसाठी वजाबाकीनंतर ३५.५ मायक्रोसेकंद उरले, वेग ३.०४. दोन्ही वेगांचं गुणोत्तर १.६७. त्यावरून पॉइसन गुणोत्तर (दाबल्यावर खडक कडेला किती फुगतो याचं माप) ०.२२. घनता २,८६० किलोग्रॅम प्रति घनमीटर असेल तर कर्तन-मापांक २६.५ गिगापास्कल आणि यंग मापांक सुमारे ६५ गिगापास्कल. हा मापांक दाबयंत्रावर ताणमापक लावून काढलेल्या मापांकाशी जुळणार नाही, सहसा जास्तच येईल. भेगा असलेल्या खडकात हा फरक वाढतो, कारण लहर खडकाला जेमतेम स्पर्श करून जाते आणि दाबयंत्र भेगांच्या बाजू एकमेकींवर घासायला लावतं.

०.१ मायक्रोसेकंदाच्या चुकीनं या लांबीत अर्धा टक्का फरक पडतो, आणि ५४ मिलिमीटरच्या आडव्या मापात एक टक्का. याहून बारीक बदल पहिल्या हालचालीवरून मोजल्याचा दावा करू नका. त्यासाठी वेगळी वाट आहे, ती पुढे येईल.

भाराखाली

मुख्य प्रयोग हा. महाविद्यालयातलं काँक्रीटचं दाबयंत्र सहसा २,००० किलोन्यूटनचं असतं. ५४ मिलिमीटर व्यासाच्या नमुन्याचं क्षेत्रफळ २,२९० चौरस मिलिमीटर, म्हणजे १५० मेगापास्कलच्या बेसाल्टला फोडायला ३४४ किलोन्यूटन पुरतात. यंत्राच्या क्षमतेचा हा खालचा सहावा हिस्सा आहे आणि तिथे त्याचं नियंत्रण ढोबळ असतं. शक्य असेल तर ५०० किलोन्यूटनचं यंत्र शोधा. आधी त्याच ठोकळ्यातले दोन-तीन नमुने लहरींशिवाय फोडून सरासरी दाबबल काढा, म्हणजे पुढचे टप्पे टक्क्यांत ठरवता येतील.

उभ्या दिशेचे सेन्सर दाबपट्ट्यांच्या आत खोबणीत बसवावे लागतात. शून्यवेळ तेव्हा पट्ट्यांसकट नव्यानं काढायची, तीही दोन-तीन वेगवेगळ्या भारांवर, कारण भार वाढला की सांधे घट्ट बसतात आणि शून्यवेळ किंचित घटते. आडव्या दिशेचे सेन्सर नमुन्याच्या अंगावर लावायचे. गोल गाभ्याला ते नीट टेकत नाहीत. एका बाजूनं खडकाची गोलाई आणि दुसऱ्या बाजूनं सपाट अशी ॲल्युमिनियमची छोटी पादुका कातून घ्या आणि एपॉक्सीच्या पातळ थरानं चिकटवा. भाराखालच्या मोजमापात मध टाळा. तासाभरात तो पिळून बाहेर येतो आणि लहरीची उंची आपोआप बदलत राहते.

आडवी दिशा टाळता येत नाही, याचं कारण भेगा उभ्या पडतात. एकाच अक्षावर दाबलेला खडक कडेला फुगतो, आणि नव्या भेगा भाराच्या दिशेला समांतर उघडतात. उभी जाणारी पी-लहर त्यांच्या कडेकडेनं निघून जाते, तिला पत्ताही लागत नाही. आडवी जाणारी प्रत्येक भेगेला आडवी भिडते. फक्त उभं मोजून ‘फुटण्याच्या आधीपर्यंत वेग टिकून होता’ असं लिहिलेले प्रकल्प-अहवाल कमी नाहीत. ते खोटं नसतं, फक्त चुकीच्या दिशेला बघून लिहिलेलं असतं. जमल्यास आडव्या एस-लहरीही दोन प्रकारे मोजा: कंपन उभ्या दिशेत आणि कंपन आडव्या दिशेत. उभ्या भेगा उघडल्या की आडव्या कंपनाची लहर जास्त मागे पडते. दोघींमधलं अंतर भेगांच्या दिशेचा पुरावा ठरतं.

भार दाबबलाच्या दहा-दहा टक्क्यांनी चढवा, ६० टक्क्यांनंतर पाच-पाच टक्क्यांनी. चढवण्याचा वेग सेकंदाला अर्धा ते एक मेगापास्कल. प्रत्येक टप्प्यावर थांबायचं ते नोंद घेण्यापुरतं, आणि प्रत्येक टप्प्यावर सारखाच वेळ, कारण मोठ्या भाराखाली खडक नुसता ठेवला तरी भेगा वाढतच असतात.

साधारण असं दिसतं. पहिल्या २०-३० टक्क्यांत उभा वेग चढतो, आडव्या पडलेल्या जुन्या भेगा मिटतात. मग काही काळ सगळं शांत. त्यानंतर आडवा वेग खाली वळतो. एमआयटीत विल्यम ब्रेस आणि सहकाऱ्यांनी १९६६मध्ये दाखवलं की खडक फुटण्याच्या भाराच्या एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश दरम्यानच आतून फुगायला लागतो. आडव्या वेगाचं वळण बहुतेक त्याच पट्ट्यात सापडतं. ८० टक्क्यांच्या पुढे आडवा वेग वेगानं घसरतो, आणि लहरीची उंची त्याहून वेगानं. ही उंची मांडून ठेवा. वळण वेगाआधी तिच्यात दिसतं.

जुना भार उतरवून पुन्हा चढवला तर आधीच्या कमाल भारापर्यंत खडक जवळजवळ गप्प राहतो, आणि तो ओलांडल्यावर पुन्हा तडतडायला लागतो. जोसेफ कैसर या जर्मन संशोधकानं १९५०मध्ये हा परिणाम नोंदवला. ध्वनी-उत्सर्जन, म्हणजे भेगा फुटतानाची ही तडतड, ऐकणारा एखादा सेन्सर जोडता आला तर तडतड आणि वेग एकाच वेळाक्षावर मांडा.

८५ टक्क्यांवर महागडे सेन्सर काढून घ्या. घट्ट बेसाल्ट फुटताना तुकडे गोळीसारखे उडतात. ॲक्रिलिकचा जाड पडदा आणि चष्मा दोन्ही हवेत. नमुना अखेरपर्यंत मोजायचाच असेल तर त्यासाठी जुने, उडाले तरी चालतील असे सेन्सर ठेवा.

नुकसान एका आकड्यात सांगण्याची रूढ रीत अशी: एक वजा, (आताचा वेग भागिले मूळ वेग) याचा वर्ग. वेग १० टक्के पडला तर नुकसान ०.१९. आकडा सोयीचा आहे, पण तो प्रत्येक दिशेचा वेगळा निघतो. दिशा न लिहिता दिलेला ०.१९ निरर्थक आहे.

उष्णतेनं

भाराशिवाय भेगा पाडायच्या असतील तर भट्टी. तापमान मिनिटाला एक-दोन अंशांहून जास्त चढवायचं नाही, नाहीतर बाहेरचं कवच आणि आतला गाभा यांच्यातल्या फरकानंच नमुना तडकतो. ठरवलेल्या तापमानाला दोन तास, मग भट्टीतच गार होऊ द्यायचं, आणि प्रत्येक तापमानाला वेगळा नमुना. ग्रॅनाइटमध्ये ५७३ अंशांना क्वार्ट्झचं स्फटिकरूप बदलतं आणि कण फुगतात. त्याच्या अल्याड आणि पल्याड, ५५० आणि ६०० अंशांना, एकेक नमुना जरूर ठेवा. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसल्यानं तिथे ती पायरी दिसत नाही.

पाणी

पाणी भरलेल्या भेगेला पी-लहर दाबते तेव्हा पाणी उलट दाबतं, म्हणून पी-वेग वाढतो. पाणी कर्तनाला विरोध करत नाही, त्यामुळे एस-वेग तेवढाच राहतो किंवा वाढलेल्या घनतेमुळे जरासा उतरतो. अमोस नूर आणि जीन सिमन्स यांनी १९६९मध्ये ग्रॅनाइटवर हे दाखवलं. म्हणजे ओला, भेगाळलेला खडक पी-लहरीला ठणठणीत वाटू शकतो. पी-वेग भागिले एस-वेग हे गुणोत्तर बघा. कोरड्या भेगांनी ते गुणोत्तर घटतं, पाण्यानं भरलेल्या भेगांनी वाढतं.

भिजवायचं तर नुसतं बादलीत टाकून होत नाही. आधी निर्वात पंपानं हवा काढा, मग निर्वातातच पाणी सोडा आणि वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. अर्धवट भिजलेला नमुना सगळ्यात फसवा असतो, कारण उरलेली थोडीशी हवासुद्धा पाण्याचा ताठपणा मोडते.

चहूबाजूंनी दाब देणारा कक्ष आणि पाण्याच्या दाबाची स्वतंत्र नळी असेल तर आणखी एक प्रयोग करता येतो. बाहेरचा दाब तोच ठेवून भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढवायचा. मिटलेल्या भेगा पुन्हा उघडतात आणि दोन्ही वेग खाली येतात. खडकाला जाणवतो तो जवळजवळ दोन दाबांमधला फरक. महाराष्ट्रात याला थेट संदर्भ आहे. १० डिसेंबर १९६७चा ६.३ तीव्रतेचा कोयनेचा भूकंप आणि त्यानंतर आजवर तिथे होत असलेले धक्के यांचा संबंध जलाशयाशी जोडला जातो, आणि त्यात खोलवरच्या भेगांमधल्या पाण्याच्या दाबाची भूमिका मध्यवर्ती मानतात. कराडच्या बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली गोठणे इथे ३ किलोमीटर खोलीचं प्रायोगिक छिद्र घेतलं गेलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटी नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक). किल्लारीत १९९३च्या भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटरच्या छिद्रात बेसाल्ट ३३८ मीटरलाच संपला.

इतक्या खोलवरून आलेल्या गाभ्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. जमिनीखाली प्रत्येक किलोमीटरमागे साधारण २७ मेगापास्कलचा भार असतो. गाभा वर आला की तो भार सुटतो, खडक फुगतो आणि वर येण्यानंच त्यात नव्या भेगा पडतात. टेबलावर मोजलेला कमी वेग जमिनीखालचा मानायचा नाही. दाब-कक्षात मूळ खोलीइतका दाब परत देऊन मोजायचं.

टक्क्याहूनही बारीक बदल

पार्कफिल्डच्या २००४च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भ्रंशाजवळ लहरींचा वेग घटला तो सुमारे ०.०८ टक्के, आणि पुढची काही वर्षं हळूहळू सावरत गेला. पहिल्या हालचालीवरून असा बदल कधीच दिसणार नाही. त्यासाठी लाटेची शेपटी वापरतात. पहिल्या लहरीनंतर नमुन्यात इकडून तिकडे आपटत राहणारी गुंतागुंतीची लाट कितीतरी लांबचा प्रवास करून आलेली असते, म्हणून तिच्यात उशीर साठत जातो. वेग ०.१ टक्का घटला तर २०० मायक्रोसेकंदांवरची शेपटी ०.२ मायक्रोसेकंद मागे सरकते. भार बदलण्याआधीची आणि नंतरची लाट घ्या, एक किंचित ताणून दुसरीवर बसवा आणि ज्या ताणाला ती सर्वात चांगली जुळते तो नोंदवा. २००२मध्ये रोएल स्नायडर आणि सहकाऱ्यांनी तापवलेल्या ग्रॅनाइटवर हे करून दाखवलं. अट एकच: सेन्सर दोन नोंदींच्या मध्ये हलता कामा नये, आणि खोलीचं तापमान स्थिर हवं. या बारकाव्याला नमुना भाराखाली किती आखूड झाला तेही धरावं लागतं. १०० मेगापास्कलखाली ६० गिगापास्कलचा खडक ०.१७ टक्का आखडतो.

जमिनीवर नेताना

प्रयोगशाळेची लहर लाखो हर्ट्झची, भूकंपाची एक ते शंभर हर्ट्झची. जलद लहर भेगेतल्या पाण्याला बाजूला सरकायला सवड देत नाही, म्हणून भिजलेल्या खडकात टेबलावरचा वेग जमिनीवरच्यापेक्षा जास्त येतो. शिवाय डोंगराएवढ्या खडकात सांधे आणि मोठे भ्रंश असतात, ते तुमच्या मुठीएवढ्या नमुन्यात नसतातच. आकडे थेट उचलून नेऊ नका. न्यायचं ते वर्तन: कुठल्या दिशेनं, पाण्यानं की भारानं, पी-लहर आधी की एस-लहर.

इथे १९७०च्या दशकाचा धडा आठवतो. ताजिकिस्तानातल्या गार्म भागात मोठ्या धक्क्यांआधी दोन लहरींच्या वेगांचं गुणोत्तर घटतं असं सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नोंदवलं होतं. भेगा उघडतात आणि मग पाणी शिरतं, हे प्रयोगशाळेतलं चित्र त्याला चपखल बसलं, आणि भूकंपाचं भाकीत हाताशी आल्यासारखं वाटलं. मग कॅलिफोर्नियात खाणीतल्या स्फोटांच्या लहरींनी काटेकोर वेळ मोजली गेली आणि तसा बदल दिसला नाही. नमुन्यातलं निरीक्षण बरोबरच होतं. ते जमिनीत तेवढ्याच प्रमाणात घडतं, हे गृहीतक टिकलं नाही.

नोंदवहीत प्रत्येक वेगाशेजारी निदान इतकं असू द्या: लहरीचा प्रकार, दिशा, कंपनाची दिशा, वारंवारिता, भार, नमुना कोरडा की भिजलेला आणि वजन किती, शून्यवेळ त्या दिवशी पुन्हा तपासली का, सुरुवात कोणी आणि कशी धरली. मूळ लाटांच्या फायली पुसू नका. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘ही सुरुवात जरा उशिरा धरलीय का?’ असं विचारलं, तर उत्तर त्या फायलींतच सापडेल.